अंदाजाचं वजन: स्वयंपाकघरातल्या वहीतून

१ जून २०२५, डोंबिवली

लेक जुलैपासून पुण्याला राहायला जाते आहे. तिघी मैत्रिणी, भाड्याच्या दोन खोल्या, एक शेगडी, एक कढई. परवा ती आजीला म्हणाली, "आजी, तुझ्या भाज्या लिहून दे ना." आई म्हणाली, "लिहायचंय काय त्यात? मीठ अंदाजाने, गूळ बेताने, पाणी भाजी मागेल तेवढं." लेकीने माझ्याकडे पाहिलं.

मी औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. वीस वर्षं मिलिग्रॅम मोजण्यात गेली, तेव्हा हे काम माझ्याकडेच येणार होतं. ठरलं ते असं: पुढच्या पाडव्यापर्यंत बाजारात ज्या त्या वेळी ताजं येईल तेच धरायचं. बारा महिने मिळणारी सिमला मिरची वगैरे बाद. आई भाजी करणार, मी प्रत्येक जिन्नस कढईत पडायच्या आधी काट्यावर ठेवणार. घरात शाकाहारच असल्यामुळे यादी आटोपशीर राहील असं वाटलं होतं. आईने नुसत्या पावसाळ्याच्या सतरा भाज्या सांगितल्या.

आज फक्त मापं तपासली. आमटीची वाटी काठोकाठ १६० मिली भरते. आई "वाटीभर" म्हणते ती काठापासून बोटभर खाली, म्हणजे १२५. मिसळणाच्या डब्यातला चमचा साडेतीन मिलीचा निघाला. तीन बोटांची मिठाची चिमूट एकेकटी काट्यावर उमटतच नाही, म्हणून दहा चिमटी एकत्र तोलल्या: ४ ग्रॅम. दुसऱ्यांदा दहा घेतल्या, ५ भरले. आई म्हणाली, "मग? हात ओला होता."

८ जून

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला, त्यामुळे स्टेशनबाहेर शेवळं आधीच दिसायला लागली. मुरबाडकडून पहाटेच्या गाडीने येणाऱ्या बायका बसतात, त्यांच्याकडून दोन जुड्या घेतल्या. शेवळं म्हणजे सुरणाच्या भावकीतला रानकंद. पहिल्या पावसात पानांच्या आधी त्याचा फुलाचा कोंब वर येतो, तोच खायचा. दहा-पंधरा दिवसांचा खेळ, मग वर्षभर दर्शन नाही.

जुडीबरोबर त्या बाईने न मागता मूठभर काकडं दिली. काकडीशी याचा संबंध नाही. काकड नावाच्या झाडाची ही हिरवी, गोल, सणसणीत आंबट फळं. शेवळं खाजरी असतात आणि त्यांची खाज आंबटाने मोडते, म्हणून दोन्ही जोडीनेच विकायची रीत. अळू-सुरणासारखंच हे प्रकरण: कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला टोचतात.

आईची कृती: वरची आवरणं काढायची, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा, उरलेलं बारीक चिरायचं. साफ करायच्या आधी हाताला तेल. काकडं ठेचून, पाण्यात कोळून, गाळून घ्यायची. तेलात कांदा, त्यावर शेवळं चांगली परतायची, मग काकडांचं पाणी, भिजवलेली चणाडाळ, हळद, तिखट, गूळ. शेवटी ओलं खोबरं.

नोंद: शेवळं साफ केल्यावर २१० ग्रॅम, काकडं १० (४५ ग्रॅम), चणाडाळ भिजवून ९०, कांदा १२०, गूळ १५, तेल ३०, मीठ ७. भाजी उत्कृष्ट. बायकोचा अभिप्राय: भाजी एक, भांडी अकरा, आणि ती तूच घासणार आहेस.

१५ जून

आज शेवळं मी केली. मापं हुबेहूब मागच्या रविवारची, ग्रॅमचाही फरक नाही. पहिल्या घासाला ठीक वाटलं, तिसऱ्या घासाला घसा खवखवायला लागला. सगळ्यांनी आमसुलं चोखली.

आईने एवढंच विचारलं, "काकडं चाखलीस का?"

"मोजली की. पंचेचाळीस ग्रॅम."

"चाखलीस का?"

उरलेलं एक फळ चावून पाहिलं. मागच्या वेळच्या मानाने निम्मंही आंबट नव्हतं. नोंदीत "चाखून" हा शब्द घातला आहे. फार महत्त्व देत नाही, हा अपवाद असावा.

४ जुलै

कांदेनवमी. रविवारी आषाढी, त्यानंतर आई चार महिने कांदा, लसूण आणि वांगं खात नाही. त्यामुळे आज कांद्याचा कारभार एकदाच उरकायचा: भजी, थालीपीठ, कांद्याची पीठ पेरून भाजी.

भज्यांची नोंद घ्यायला गेलो आणि "पाणी किती" या रकान्यात अडकलो. आई पाणी घालतच नाही. कांदा उभा पातळ चिरून, मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवते. त्याला जे पाणी सुटतं त्यात मावेल तेवढंच बेसन. आज ३०० ग्रॅम कांद्याला ११० ग्रॅम बेसन लागलं. आई म्हणते हा पावसाळ्यातला कांदा आहे, मार्चमध्ये वेगळं होईल. मार्चमध्ये अलिबागचा पांढरा कांदा येतो, २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालेला. तो गोडसर असतो आणि आमच्याकडे भज्यांत घालणं पाप समजतात. तो नुसता, पिठलं-भाकरीबरोबर बुक्की मारून खायचा.

२० जुलै

टाकळा. फूल यायच्या आधीची कोवळी पानं, मूगडाळ घालून. सोपी भाजी आहे. जून झाला की कडवट आणि चिवट होतो, म्हणून जुडी घेताना शेंड्याचं पान दोन बोटांत मोडून बघायचं. चटकन तुटलं तर घ्यायची.

आजची मुख्य बातमी वेगळी. पुण्यात पहिली चाचणी झाली. मुद्दाम सोपं दिलं होतं: भेंडी २५० ग्रॅम, तेल २०, मीठ ३, मोहरी, हिंग, हळद, मिरच्या दोन, आमसुलं दोन. संध्याकाळी फोटो आला. कढईत हिरवा गोंद.

फोनवर चौकशी केली. भेंडी चिरून मग धुतली होती. वर झाकण ठेवलं होतं. मीठ सुरुवातीलाच घातलं होतं. आणि हे सगळं माझ्या कागदाप्रमाणे बरोबरच होतं, कारण मी मीठ किती ते लिहिलं होतं, कधी ते लिहिलंच नव्हतं. आधी धुऊन कोरडी पुसायची, मग चिरायची, झाकण न ठेवता तार मोडेपर्यंत परतायची, आमसूल मध्यावर, मीठ उतरवताना, यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं. आईने ते सांगितलं नाही, कारण तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. मी विचारलं नाही, कारण काट्यावर ते दिसत नव्हतं.

कारखान्यात मी असा अहवाल परत पाठवला असता.

३ ऑगस्ट

श्रावण. वालाचं बिरडं. आई अलिबागकडची, त्यामुळे वाल म्हणजे कडवे वालच, दुसरे तिच्या लेखी वाल नाहीत.

हा तीन दिवसांचा उद्योग. शुक्रवारी सकाळी २५० ग्रॅम वाल भिजत घातले. रात्री निथळून फडक्यात बांधले. शनिवारभर पावसाळी गारठा होता, मोड आले नाहीत, मग आईने पुरचुंडी डाळ-तांदळाच्या डब्यांमागे फ्रिजच्या गरम बाजूला सरकवली. आज सकाळी मोड पेराएवढे. कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबायचा, साल हातात राहतं आणि डाळिंबी पाण्यात उडी मारते. माझ्या पहिल्या पन्नासातल्या वीस तरी जमिनीवर उड्या मारून गेल्या. सोललेल्या डाळिंब्या ४३० ग्रॅम.

फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद. त्यावर डाळिंब्या, अलगद हलवायच्या, डाव घालून ढवळलं की त्यांचं पिठलं होतं. वरून आधणाचंच पाणी. गार पाणी पडलं की दाणा दडदडीत राहतो. शिजल्यावर आमसुलं, गूळ, तिखट, मीठ, खोबरं, कोथिंबीर. आमसूल आणि गूळ आधी घातले तर दाणा शिजत नाही, हे आज मी स्वतःहून विचारलं म्हणून कळलं. किती वेळ शिजवायचं याला आईचं उत्तर: "वास बदलेल." मी घड्याळ लावून बसलो होतो. अठराव्या मिनिटाला खरोखरच बदलला. कच्चा, उग्र वास जाऊन उकडलेल्या शेंगांसारखा गोडसर झाला.

वहीत "मिनिटं" या रकान्याशेजारी पेन्सिलीने लिहिलं: वास.

२८ ऑगस्ट

ऋषिपंचमी. आज बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणजे नांगरलेल्या शेतातलं नाही. परसातलं, कुंपणावरचं, हाताने लावलेलं चालतं. म्हणून ती खिचडीसारखी मिसळ भाजी: अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, सुरण, कणसाचे तुकडे, भुईमुगाचे ओले दाणे, अंबाडे. मसाला नाही, मोहरी-हिंगाची फोडणी नाही. थोडं तूप, मिरची, मीठ, चिंच, शेवटी खोबरं.

बाजारात तयार वाटे लावलेले असतात. एका वाट्यात सगळं थोडं थोडं. मी घरी येऊन प्रत्येक तुकडा वेगळा तोलायला बसलो, अकरा ओळी झाल्या, आणि मग लक्षात आलं की पुढच्या वर्षीच्या वाट्यात यातली एकही ओळ लागू पडणार नाही. काटा बंद केला. क्रम लिहिला तेवढाच: आधी सुरण, कणीस आणि दाणे, मग दोडका-पडवळ-भेंडी, मग भोपळा, पालेभाजी सगळ्यांत शेवटी.

मसाल्याविना भाजी असल्यावर भाजी ताजी आहे की नाही ते लगेच कळतं. एका दोडक्याचा तुकडा कडू निघाला आणि तो नेमका माझ्या पानात आला. दोडका, काकडी, दुधी चिरण्याआधी चाखायचे. (वहीत "चाखून" तिसऱ्यांदा.)

२१ सप्टेंबर

मराठवाड्यात पावसाने शेतं गेली आहेत. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन परत ठेवली. आज डाळ-भात आणि लिंबाचं जुनं लोणचं. ही नोंदही मोसमातलीच समजावी.

१९ ऑक्टोबर

दिवाळी. फराळ हा या वहीचा विषय नाही. काटा मात्र आईने मागून नेला, चकलीच्या भाजणीसाठी. "तुझं ते यंत्र दे जरा," एवढंच म्हणाली.

२६ नोव्हेंबर

चंपाषष्ठी. खंडोबाचा दिवस, वांग्याची सुटका. चार महिन्यांनी आईच्या पानात भरीत-रोडगा. रोडग्याऐवजी आम्ही बाजरीची भाकरी करतो.

बाजारात जळगावची हिरवी, पांढरट पट्ट्यांची मोठी वांगी होती. या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याला बी कमी, गर भरपूर. शेजारीच जांभळी, तितकीच मोठी, पण निम्म्या भावात. प्रयोग म्हणून दोन्हींतलं एकेक घेतलं. जळगावी ४१० ग्रॅम, जांभळं ४२५. हातात घेतल्यावर आईने वजन न बघता सांगितलं, "हे जांभळं बियांनी भरलंय. आकाराच्या मानाने जड आहे बघ." वांगं हलकं हवं, हे मला नवीन.

तेल लावून, चार टोचे मारून गॅसवर भाजली. खानदेशात तुराट्यांवर किंवा कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजतात आणि तो धुराचा वास गॅसला येत नाही, हे मान्यच करून पुढे जायचं. आई सांडशीने फिरवत होती आणि मी विचारत होतो, झालं का. ती म्हणाली, देठाशी दाब. देठाशी घट्ट होतं. पाच मिनिटांनी परत. जळगावी वांग्यातून टोच्यांच्या भोकांतून पाणी फुसफुसत बाहेर आलं, वांगं खाली बसलं, देठाजवळही बोट रुतलं. तेव्हा उतरवलं. सोललेला गर २८५. जांभळ्याचा गर ३०५, पण निम्मा बियांचा, आणि किंचित कडसर.

म्हणजे काट्यावर जांभळं जिंकलं.

भरीत खानदेशी पद्धतीचं: हिरव्या मिरच्या आणि लसूण तेलात तळून ठेचायचे, भाजलेले शेंगदाणे अख्खे, कांद्याची पात भरपूर, कोथिंबीर. गर लाकडी बडगीत घोटतात, आमच्याकडे वरवंट्याने. ते जळगावच्या एका सहकाऱ्याकडून शिकलेलं आहे. आईच्या माहेरचं भरीत दह्यातलं. आज दोन्ही केली, कारण घरात या विषयावर एकमत नाही.

रात्री बसून वहीचे रकाने बदलले. "वजन" हा रकाना शेवटी नेला, बारीक केला. आधी "घेताना", मग "चिरताना", मग "खूण". आधीची पानं पुन्हा लिहायला लागणार आहेत. सहा महिन्यांचं काम आहे, कारखान्यात याला दुसरं नाव आहे, इथे लिहीत नाही.

२१ डिसेंबर

मटार, ओला हरभरा, तुरीचे दाणे, मेथी, गाजरं, सगळं एकदम आलं आहे आणि स्वस्त आहे. एक किलो शेंगांतून ४८० ग्रॅम मटार निघाले. ही माहिती मात्र वजनाचीच आणि उपयोगाची. दोन माणसांच्या उसळीला अर्धा किलो शेंगा घे, असं लेकीला कळवलं.

मेथी: जुडी ३९० ग्रॅम, निवडून १८०, शिजून मूठभर. नवशिका माणूस कच्च्या ढिगाकडे बघून मीठ घालतो आणि पस्तावतो. पालेभाजी बसल्यावरच मीठ.

काटा हल्ली ओट्यावरून हलत नाही. आई भाजीवाल्याकडचा पाव किलो घरी तोलून बघते. आज २३० भरला. उद्या ती खाली उतरणार आहे, भाजीवाल्याची मला काळजी वाटते.

१३ जानेवारी २०२६

भोगी. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, घेवडा, बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे. तिळाचं कूट, गोडा मसाला, चिंच-गूळ. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा.

भाजीबद्दल लिहिण्यासारखं नवं काही नाही, भाकरीबद्दल आहे. लेक संक्रांतीला घरी आली आहे. पुण्यात तिच्या भाकऱ्या तुटत होत्या आणि कडू लागत होत्या. आईने पीठ न बघताच विचारलं, "कधीचं आहे?" दीड महिन्याचं. बाजरीत तेल असतं, पीठ ठेवलं की खवट होतं. आठ-दहा दिवसांपुरतंच दळायचं आणि मळण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवायचं. तुटण्याचं कारण निराळं: ती सगळं पीठ एकदम मळून ठेवत होती. गव्हासारखा चिकटपणा बाजरीत नसतो, एकेका भाकरीपुरतं कढत पाण्यात मळायचं, तळव्याने रगडून रगडून, आणि लगेच थापायचं.

तिची तिसरी भाकरी फुगली. आजी म्हणाली, "कडेला कान लाव, थापताना आवाज सारखा आला पाहिजे." मी हे "खूण" रकान्यात घातलं आणि खाली कंसात लिहिलं: मला ऐकू आला नाही.

२५ जानेवारी

जोडून सुट्टी, आईच्या माहेरी. संध्याकाळी पोपटी. वालाच्या ताज्या शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, ओवा, जाडं मीठ. मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी भांबुर्डीचा पाला दाबून भरायचा, मडकं शेतात पालथं घालायचं, भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवायचं. पाणी एक थेंब नाही. शेंगा स्वतःच्या आणि पाल्याच्या ओलीवर शिजतात. इतरांच्या मडक्यात अंडी-कोंबडी होती, आमचं मडकं खुणेसाठी निराळ्या बांधावर.

मामेभावाने काटा आणलाय का म्हणून विचारलं. सगळ्या गावाला ठाऊक झालं आहे.

झालं की नाही ते बघायला मामी मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतात. चुर्र झालं आणि थेंब टिकले नाहीत, की मडकं बाहेर. शेंग हाताला चटका देत सोलायची. भांबुर्डीचा वास बोटांना दुसऱ्या दिवशी गाडीतही होता.

२२ मार्च

पाडवा गुरुवारी झाला, म्हणजे ठरवलेली मुदत संपली. काल चैत्रगौर बसली, कैरीची डाळ आणि पन्हं झालं, तेवढं लिहून वही लेकीकडे पाठवायची.

डाळ: चणाडाळ चार-पाच तास भिजवून, निथळून, भरड वाटायची. पाणी न घालता. कैरीचा कीस, खोबरं, मिरची, मीठ, किंचित साखर. फोडणी गार करून वरून, गरम ओतली तर डाळ शिजल्यासारखी लागते. कैरी किती, या प्रश्नाला आईने सुरीने एक काप काढून माझ्या हातात दिला. मी चाखून म्हणालो, पाऊण पुरेल. ती म्हणाली, "अर्धीच घाल, रात्रीपर्यंत अजून चढेल." अर्धी घातली. रात्री बरोबर झाली होती.

लेकीलाही काल तिकडे डाळच करायची होती. वही अजून पोचलेली नाही, म्हणून मी फोनवर मापं सांगायला लागलो: डाळ दीडशे ग्रॅम, कैरी...

"बाबा, थांब," ती म्हणाली. "आजीला दे. कैरी आत पिवळट दिसतेय, तिला विचारते चालेल का."

फोन आईकडे दिला. काटा पुसून डब्यात ठेवत होतो, तर आईने खूण केली, राहू दे. भाजीवाला यायची वेळ झाली होती.